परीक्षेसाठी बोळकं

माझ्या बायकोच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि ते तोंड साठ पोरापोरींनी माझ्या आधी बघितलं.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी पुढं ढकलली म्हणून. चाळीस वर्षं चिऱ्याच्या भिंती बांधल्या. बोर्ली पंचतनच्या बाजारातून कुठल्याही वाटेला लागा, माझ्या हातची एक तरी भिंत दिसेल. दातांच्या कॉलेजातलं मला काही कळत नाही. पण या सगळ्यात मी काय चूक केली ते मला चांगलं कळतं, आणि ते दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

माझा लेक उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला. एक खोली, त्यात चौघं. कोरोनाच्या सालात त्याच्या पोरीला दातांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला आणि कॉलेजला कुलूप. शिकवणार म्हणे मोबाइलवर. त्या एका खोलीत सगळ्यांचं उठणं-बसणं, टीव्ही, शेजारचं भांडण. तिथं काय शिकणार? म्हणून नात आमच्याकडं गावाला आली.

मला ते मोबाइलवरचं शिकणं पटलं नव्हतं. माझा उस्ताद तोंडानं कधी काही सांगायचा नाही. चिरा वाकडा बसला की थापीची मूठ बोटांवर बसायची. तसं शिकलो. हातानं करायचं काम काचेत बघून येतं होय, असं मी तिला पहिल्याच दिवशी म्हणालो. ती हसली. म्हणाली, आबा, सध्या तेवढंच आहे.

आमच्याकडं रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते. तो कोपरा बायकोचा. तिथं बसून ती तांदूळ निवडायची, सोडे साफ करायची. नात मोबाइल तांब्याला टेकवून बसायची आणि तांब्या सरकायचा. मी चार चिरे आणले, तिच्या डोळ्याच्या उंचीला ओटा बांधला, वर मोबाइल उभा राहील अशी खाच पाडली. ओळंबा लावून बांधला. बायकोला म्हटलं, आता तू दुसरीकडं बस. ती म्हणाली, कोपरा माझा हाय, मी उठणार न्हाय. मग नात पुढं आणि ही मागं सूप घेऊन, असा तास चालायचा.

त्या वर्षी पोरांना साबणाच्या वडीतून दात कोरायला लावले होते. घरात दुसरं काय मिळणार? महिनाभर मी दाढेच्या आकाराच्या साबणानं आंघोळ केली. बायको म्हणायची, जपून, चावंल.

मला वाटायचं ती तांदूळ निवडतेय. ती ऐकत होती. संध्याकाळी नात पाठ करायला बसली आणि अडली की ही चुलीपाशी बसून सांगायची, अगं, बाई म्हणाल्या न्हवं का सकाळी, हिरडी कुठं मऊ कुठं कडक ते आधी बोटानं बघायचं. नात वहीत बघायची आणि ते बरोबर निघायचं. मी मात्र तास सुरू झाला की उठून जायचो. कामाला, नाहीतर उगाच खाडीवर.

कवळीचं शिकवायला लागले तेव्हाची गोष्ट. मी अंगणात होतो. मोबाइलमधल्या बाईंनी विचारलं, तुझ्या मागं कोण बसलंय, आजी का? दात आहेत का त्यांना? नातीनं नाही म्हणून मान हलवली. बाई म्हणाल्या, चित्रात किती दाखवू, खरी हिरडी बघितली तर पोरांना कळेल. पण आजींना विचार आधी. त्यांची इच्छा असेल तरच.

दात पडल्यापासून पंधरा वर्षं बायको पदर तोंडाला लावूनच हसायची. मिश्रीनं दात गेले, एकामागून एक, आणि दर दाताबरोबर पदर थोडा वर चढला. माझ्यासमोरसुद्धा. मला वाटलं ती आता उठून आत जाणार. तिनं सूप बाजूला ठेवलं, तोंड पुसलं आणि आ केला. नातीनं बॅटरी धरली. मोबाइलच्या चौकोनाचौकोनात पोरं वाकून बघायला लागली. बाई सांगत होत्या, बघा, किती उंच आणि गोल हिरडी आहे, अशी हल्ली मिळत नाही. मग म्हणाल्या, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला पूर्ण बोळकं असलेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा असतो, पेशंट नाही तर परीक्षा नाही. हिची काळजी मिटली, हिच्या घरातच आहे.

तास संपल्यावर मी पायरीवर आलो. मला राग आला होता, कशाचा ते आजही नीट सांगता येत नाही. म्हटलं, "झालं? सगळ्या मुंबईला तोंड दावलंस."

ती सूप परत मांडीवर घेत म्हणाली, "तुमी कधी बघाया मागितलंच न्हाय."

पुढं कॉलेज उघडलं. पण सगळं शिकवणं तिकडं गेलं नाही. थोडे दिवस तिकडं वसतिगृहात, थोडे दिवस घरी मोबाइलवर. ऐकायचं ते घरी ऐकून यायचं, व्हिडिओ बघून यायचं, कॉलेजात फक्त हात चालवायचे. बाईंचा नियमच होता, क्लिनिकमध्ये मी बोलणार नाही, तुमचे हात बघणार. हे ऐकल्यावर मात्र मला त्या बाई पटल्या.

चौथ्या वर्षाला, थंडीत, नातीनं आजीला माप घ्यायला बोलावलं. परीक्षेआधीचा सराव. सकाळच्या एसटीनं पनवेल, तिथून रिक्षा. बायकोनं लग्नातली पैठणी सोडून सगळ्यात चांगलं लुगडं नेसलं. मोठी खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक म्हातारं आणि त्याच्यावर वाकलेलं एक पोर. मी भिंतीकडच्या बाकावर बसलो. तपकिरी वडी गरम पाण्यात मऊ करायची, पत्र्याच्या पसरट चमच्यात भरायची, तोंडात दाबायची आणि हलू द्यायचं नाही, एवढंच काम. नातीनं तो व्हिडिओ आमच्या पडवीत बसून वीसदा तरी बघितला होता. पण तिचा हात कापत होता. पहिल्यांदा बायकोला उमासा आला. दुसऱ्यांदा माप तिरकं बसलं. बाई मागं हात बांधून उभ्या, एक शब्द नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायको तोंड पुसून म्हणाली, "परत घाल. त्या व्हिडिओतल्या बाईला थुंकी न्हवती, मला हाय. घाबरतेस कशाला, मी काय चावते? चावाया हाय काय?"

शेजारच्या खुर्चीतलं म्हातारं हसलं. नातही हसली, आणि हात थांबला. तिसऱ्यांदा माप आलं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली. एवढंच. मला माझा उस्ताद आठवला.

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं एक नवीन काम सुरू केलं. रोज सकाळी चहाच्या आधी चमच्याचा दांडा टाळूला लावून बसायची. उमासा येऊ नये म्हणून सवय करत होती. आधी डोळ्यांतून पाणी यायचं. मग दहा आकडे मोजेपर्यंत बसायला लागली, मग वीस. मी म्हणायचो, येडी झालीस काय. ती म्हणायची, परीक्षा तिची न्हाय एकटीची, माझीबी हाय.

त्याच सुमाराला एकदा नात घरी असताना मी पडवीत जेवत होतो आणि मोबाइलवर तास चालू होता. बाई पुन्हा उजळणी घेत होत्या. म्हणाल्या, पूर्ण कवळीच्या पेशंटच्या तोंडात एकही दात नको, एक असला तरी चालणार नाही. बायको मागून म्हणाली, म्या पास. सगळे हसले. पूर्ण ऐकलेलं एवढंच एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी एका कुंपणाच्या कामाला गेलो होतो. त्या दिवशी बाई पुढचं बोलल्या.

शिमगा झाला. परीक्षेला दोन महिने उरले. दुपारी पडवीत सोडे निवडता निवडता बायको म्हणाली, पाठीत कळ येतेय. मी म्हटलं, वाकून बसतेस दिवसभर, दुसरं काय होणार. पाणी आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती भिंतीला टेकून होती, सूप पायाशी पालथं. डॉक्टर यायच्या आधी सगळं संपलं होतं. वाकून बसतेस, हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. याच्यावर मी आणखी काही सांगणार नाही.

नात तेरा दिवस राहिली. मोबाइलवर तास बुडवून चालत नव्हतं, परीक्षा जवळ होती. ती त्याच कोपऱ्यात बसायची, पण भिंतीला पाठ लावून. मागं मोकळी जागा दिसू नये म्हणून असेल. एके दिवशी तास संपल्यावर मैत्रिणीशी बोलत होती. मी माजघरात होतो, दार उघडं होतं. ती म्हणाली, "माझा पेशंट गेला गं. आता कुठून आणू?"

पेशंट. पन्नास वर्षांचा संसार, आणि ही तिला पेशंट म्हणते. दोन दिवस मी नातीशी बोललो नाही. ताट वाढलं तरी मान वर केली नाही. दिवसांसाठी आलेल्या सुनेनं विचारलं, आबा, काय झालं, तर म्हटलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नात कॉलेजला जायला निघाली. पाया पडली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. एसटीत चढताना सुनेला म्हणत होती, दोन म्हातारे हो म्हणाले होते, दोघंही फिरले. बस गेली. मी रस्त्यावर तसाच उभा राहिलो. मग माझ्या ध्यानात आलं की बायको आणि ती, दोघी मिळून चार वर्षं एकच काम करत होत्या, आणि त्या कामात बायकोचं नाव पेशंटच होतं. तिला ते नाव आवडत होतं. मलाच ते माहीत नव्हतं.

माझ्या तोंडात तेव्हा पाच दात होते. चार हलत होते. एक सुळा पक्का होता, उसाचं कांडं सोलता येईल असा. मी श्रीवर्धनला गेलो आणि दातांच्या डॉक्टरला सांगितलं, सगळे काढा. तो म्हणाला, चार काढतो, सुळा चांगला आहे, राहू दे. मी खोटं बोललो. म्हटलं, त्याचाच ठणका जास्त, त्यानंच जेवण जात नाही. आठवड्याच्या अंतरानं दोनदा गेलो. सुळा निघायला वेळ लागला. घरी येताना रुमाल तोंडात धरून बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मी तिच्यासाठी काहीतरी केलं असं वाटत होतं. नातीला कळवलं नाही. लेकालाही नाही.

दहा दिवसांनी सूज उतरली तसा कॉलेजला गेलो. नात कोणाच्या तरी तोंडात काम करत होती. मला बघून धावत आली. मी रुमाल काढला आणि आ केला. म्हटलं, "घे. तुझा पेशंट."

तिनं मला खुर्चीत बसवलं, दिवा लावला, हातमोजे घातले. बोट हिरडीवरून फिरवलं. जिथं सुळा होता तिथं आल्यावर मी दचकलो. तिचं बोट तिथंच थांबलं.

"कधी काढले?"

"शेवटचा दहा दिवसांपूर्वी."

बाई आल्या. त्यांनी बघितलं आणि खाली स्टूल ओढून बसल्या. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना मी एवढं बोलताना ऐकलं. म्हणाल्या, "आजोबा, जखम भरली की हिरडी बसते, तिचा आकार बदलतो. तीन महिने तरी जाऊ द्यावे लागतात. आत्ता माप घेतलं तर कवळी लगेच ढिली होईल. परीक्षेला हे चालणार नाही."

मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात, एकही दात नको. त्यांनी नातीकडं बघितलं. नात खाली बघत म्हणाली, दुसऱ्या दिवसाच्या तासाला हे सांगितलं होतं. आजीला पाठ होतं.

मी गवंडी आहे. ओल्या भिंतीवर मी जन्मात कधी छप्पर चढू दिलं नाही. दिवस मोजून पाणी मारलं, लोकांनी घाई केली तर त्यांच्या तोंडावर बोललो, काम सोडून गेलो. आणि स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत मला एवढं सुचलं नाही.

नात मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली. मला वाटलं रडेल. ती चिडली होती. आवाज दाबून म्हणाली, "आबा, तो सुळा पक्का होता. तुम्ही जेवताना मी कितीदा बघितला होता. त्याच्या आधारानं मी तुम्हाला दात बसवणार होते. पास झाल्यावर पहिले तुमचे. ठरलं होतं आमचं."

"कोणाचं?"

"माझं आणि आजीचं."

मी रुमाल तोंडाला लावला. परीक्षेला अठरा दिवस उरले होते.

गावी आलो आणि दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलो. आयुष्यात मी कोणाच्या तोंडाची चौकशी केली नव्हती. आता दारोदार विचारत फिरलो, घरात कोण बिनदाताचं आहे का. एका घरी चार दात होते, एका घरी म्हातारी हलायला तयार नाही, एक म्हातारा म्हणाला, पोरं शिकायला माझं तोंड कशाला फाडू. शेवटी आमच्या वाडीतल्या वैनींकडं गेलो. वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची विधवा, माझ्या बायकोची जन्माची मैत्रीण आणि जन्माची भांडखोर. शेवटच्या वर्षी दोघी कोंबड्यांवरून बोलत नव्हत्या.

मी काय मागतोय ते ऐकून वैनी म्हणाल्या, "बायकोचे दिवस होऊन महिना न्हाय झाला आन माझं तोंड बघाया आलाव व्हय, भावजी?"

मी तोंडावरचा रुमाल सावरला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. रुमाल होता तरी कळलं त्यांना.

"तुमचे कुठं गेले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चमच्याचा दांडासुद्धा. वैनींनी दारातल्या कोंबड्या हुसकल्या. मग म्हणाल्या, "माझ्याशी बोलत न्हवती, पण चमच्याचं माला ठावं हाय. कुंपणावरनं दिसायची. माला वाटलं, कसला तरी वसा करते." मग लुगड्याला हात पुसत उठल्या. "कंची गाडी पकडायची?"

परीक्षेआधी दोनदा त्यांना घेऊन गेलो. त्यांची हिरडी बायकोइतकी चांगली नव्हती, खालची पार सपाट. नातीला जास्त कष्ट पडले. वैनींनी तिला उमाशानं हैराण केलं, शिव्याही दिल्या. परीक्षेच्या दिवशी मी व्हरांड्यात बसलो होतो. दार अर्धवट उघडं. बाहेरून आलेले परीक्षक आत एकेका खुर्चीपाशी थांबत होते. आतून नातीचा आवाज आला, स्वच्छ, न कापणारा, "आजी, तोंड उघड."

मी उठून उभा राहिलो. दारापर्यंत गेलोसुद्धा. शिपाई म्हणाला, बाबा, आत सोडत नाहीत. मी परत येऊन बसलो.

नात पास झाली. वैनींना कवळी मिळाली. वाडीत सगळ्यांना दाखवत फिरल्या आणि आमच्या पायरीशी आल्या तेव्हा मात्र तोंड मिटून घेतलं. मी म्हटलं, हसा वैनी, तुमचीच हाय. त्या हसल्या नाहीत.

तीन महिने कधीच होऊन गेले. नात आता त्याच कॉलेजात डॉक्टर म्हणून शिकाऊ काम करते. दर रविवारी मोबाइलवर मला आ करायला लावते आणि हिरड्या बघते. म्हणते, भरल्यासारख्या दिसतात, पण असं स्क्रीनवर कळत नाही, बोट लावल्याशिवाय मी सांगणार नाही, या तुम्ही. मी म्हणतो, येतो. अजून गेलो नाही. ती विचारते, का, भीती वाटते का? तिला काय सांगू.

बायको नेहमी माझ्यामागून जेवायची, चुलीकडं तोंड करून. पंधरा वर्षं ती काय खात होती, कशी खात होती, मी एकदाही बघितलं नाही. आता मी भाकरी आमटीत टाकतो आणि ती मऊ पडेपर्यंत थांबतो. घाई केली तर कडेचा पापुद्रा टाळूला टोचतो. थांबायला लागतं. एवढा वेळ ती रोज थांबत असेल, आणि मी हात धुऊन पडवीत जाऊन म्हणत असेन, अजून तुझं जेवण होत नाही काय.